मूळ भाषेत नको

४ जाने., रवि.
आमचा निखिल पुण्याला परत गेला. जाताना टीव्हीत सिनेमांचं नवं प्रकरण घालून गेला. संध्याकाळी आम्ही दोघं सासूबाईंना घेऊन बसलो. एका ख्रिस्ती संतिणीचा सिनेमा, मूळ स्पॅनिश, पण मराठीत डब केलेला. संतीण बोलते बातम्या वाचल्यासारखी. ओठ मिटले तरी वाक्य चालूच. मला हसू आवरेना, सासूबाईंना त्याचं काही नाही. गावात तापाची साथ आलेली, पाद्री देवाकडे सगळ्यांसाठी मागणं मागतो, आणि सासूबाई पलंगावरून मोठ्याने, "होय म्हाराजा." देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा म्हणतात तसंच, प्रत्येक वाक्याला.
हे हसले नाहीत. पेपर वाचत होते म्हणे. पान एकदाही उलटलं नाही. अर्धा सिनेमा राहिला.

६ जाने., मंगळ.
उरलेला बघू म्हटलं, पण मूळ भाषेत, खाली मराठी अक्षरं येतात. ते बातम्यांचं मराठी नको.
हे: "नको. आईला वाचता येत नाही."
"आई झोपल्यात."
"मग तुझ्या डोळ्यांना त्रास."
माझ्या डोळ्यांची काळजी! मोतीबिंदू काढला तेव्हा गाडीत बसून होते. मी तरी लावलाच. पहिलं वाक्य ऐकलं न ऐकलं, हे उठले. "मासळी बघून येतो."
आज अंगारकी. घरात उपास. अर्थात रिकाम्या हातांनी परत आले. मीही बंद केला, एकटीने काय बघायचं.

७ जाने.
कचेरीत जन्म गेला माझा. टेबलासमोरचा माणूस एक कारण सांगतो तेव्हा ते बहुधा खरं असतं. तीन सांगायला लागला की फाईल बाजूला ठेवायची.
"स्पॅनिश येतं का हो तुम्हाला?" विचारलं.
"छे. बंदरात खुणांनी भागतं."
लग्न झाल्यापासून ह्यांनी बोटीवरच्या नोकरीतली सगळी बंदरं मला सांगितलीत. कुठे काय खाल्लं, कुठे कोण भांडलं. एक सोडून. बोट दुरुस्तीला अडकली आणि हे गणपतीला आले नाहीत, पुढच्या शिमग्यालाही नाहीत, ते स्पॅनिश मुलखातलं बंदर. निखिल तेव्हा रांगत होता. त्या बंदराबद्दल इतकंच ऐकलंय, क्रेन आणि चिखल. इतकी वर्षं मीही तेवढ्यावर भागवलं.

१० जाने., शनि.
मुद्दाम केलं. हे आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. सिनेमा पहिल्यापासून लावला, मूळ भाषेत, खालची अक्षरं बंद. सिनेमा नाही पाहिला, ह्यांचं तोंड पाहिलं.
पाद्री मागणं म्हणू लागला. थांबला. चर्चमधल्या लोकांनी एका सुरात उत्तर दिलं आणि ह्यांचे ओठ हलले. मागून नाही, लोकांच्या बरोबर. दुसऱ्या खेपेलाही.
असं उत्तर ऐकून येत नाही, त्या घोळक्यात उभं राहावं लागतं. सासरी आले तेव्हा गाऱ्हाण्यात कुठे तोंड उघडायचं ते मला कळायचं नाही. भलतीकडेच ओरडायची, सगळे माना वळवून बघायचे. मग हे किती रविवार उभे होते?
चर्चमध्ये गेले म्हणून राग नाही. देव तिथलाही देवच. पण परक्या देवळात माणूस आपणहून एकटा रमत नाही, कोणीतरी हाताला धरून नेतं. ते कोण, एवढंच मला हवंय.

११ जाने.
चहाच्या वेळी विचारलं.
"काल ओठ हलत होते तुमचे."
"झोपेत असेन."
"झोपेत स्पॅनिश?"
कप खाली ठेवला. "तिथले लोक म्हणायचे, मीही म्हणायचो. आजारी होतो तेव्हा."
आजारी होते हे मला आज कळलं.
"कोण बघत होतं तुमच्याकडे?"
"होते लोक."
लोक. राग आला, आणि आजारी होते ह्याचं वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. दोघांनाही जेवण गेलं नाही. सासूबाईंनी मात्र सोलकढी पुन्हा मागून घेतली.

१२, १३
काही नाही. घरात आवाज फक्त मिक्सरचा.

१५ जाने., गुरु.
सासूबाईंना संतीण परत बघायची होती. लावली. मूळ भाषेत, खाली अक्षरं चालू. चुकून लागलं असं मी म्हटलं. चुकून नव्हतं.
सासूबाई वैतागल्या. "ही काय बोल्ते? त्या दिवशी कशी नीट बोलत व्हती." मग ह्यांना, "तू येवढा बोटीवर व्हतास, सांग की मला."
आईचा शब्द ह्यांनी कधी मोडलेला नाही. सांगू लागले. आधी अडखळत, मग भराभर, अक्षरं उमटायच्या आधी. तेही आपल्या घरच्या बोलीत. "ती बोल्ते, पोरास ताप हाय, देवा, आता तूच बग." सासूबाई पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. इतकं छान सांगत होते की संशय विसरून मीही ऐकत राहिले. हा माणूस मला असं कधी काही सांगत नाही.
मग धक्क्यावरचा प्रसंग आला. संतिणीची बहीण, पोटुशी. तिचा खलाशी बोटीवर चढतोय. ती खालून त्याला काहीतरी म्हणते.
ह्यांचं सांगणं तिथेच थांबलं.
"काय बोल्ली रे?" सासूबाईंनी विचारलं.
ह्यांचे हात मांडीवर, डोळे टीव्हीवर.
मी चष्मा लावून बसले होते. खाली अक्षरं होती: पोर विचारेल तेव्हा तुझं नाव सांगू का?
"अरे, काय बोल्ली ती?"
"काही नाही आई," मी म्हटलं. "जपून जा म्हणाली."
"बरी हाय बिचारी," सासूबाई म्हणाल्या.
ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वाचलंय हे त्यांना कळलं. मी का लपवलं हे मलाच नीट कळलेलं नाही. सिनेमा पुढे चालू होता आणि सासूबाई विचारत होत्या, आता काय बोल्ते, आता काय बोल्ते. दोघांपैकी कोणीच सांगत नव्हतं.