पुडी आधी, घड्याळ नंतर

अहो,

पत्राचा मायना काय लिहावा, यातच बराच वेळ गेला. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला मी एकच पत्र लिहिलं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा. त्यातही 'अहो' लिहून पुढं मिरच्या वाळत घातल्याचं कळवलं होतं. तुम्ही ते पत्र घडी करून पाकिटात ठेवलंत आणि वर्षभर मला मिरच्यांवरून चिडवलंत. तेव्हा आजही 'अहो'च.

लिहायला बसले, कारण आज दुपारी हणमंत आला होता. विहिरींत बुड्या मारणारा आपला हणमंत! तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं, त्यानंतर पहिल्यांदाच तो दुकानात आला. हातात ते निळ्या तबकडीचं घड्याळ होतं. ते बघितलं आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. का ठेवलं, ते तुम्हाला जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं. तेव्हा धीर झाला नाही. आता तुम्ही रागावून बघणार नाही, म्हणून धीर करतेय. भित्री ती भित्रीच!

पण आधी जरा घरचं-दारचं बोलू द्या. एकदम मुद्द्यावर यायची सवय तुम्हाला होती, मला नव्हती.

आपलं घड्याळदुरुस्तीचं खोकं उमरग्याच्या हमरस्त्याला अजून तसंच उभं आहे. बंद केलं नाही मी. तुमचं नाजूक काम मला जमत नाही, पण पट्टे बदलते, काचा बसवते, सेल घालते. आता सगळ्यांना सेलचीच घड्याळं पाहिजेत. चावी द्यायला वेळ आहे कुणाला? ट्रक गेला की टेबल अजूनही हलतं. तुम्ही चिमटा वरच्यावर धरून थांबायचात, ट्रक लांब जाईपर्यंत, आणि मग श्वास सोडायचात. मीपण तशीच थांबते. काम काय, तर पट्ट्याची पिन बसवायची! तरी थांबते.

पाऊस यंदाही नाही. लोक पुन्हा बहात्तरच्या गोष्टी काढायला लागलेत. मला त्या दुष्काळातली एकच गोष्ट आठवते. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. संध्याकाळी घरी आले की तुम्ही डोळ्याला भिंग लावायचात, माझा हात गुडघ्यावर घ्यायचात आणि घड्याळाच्या चिमट्यानं तळहातातल्या खडीच्या कपच्या काढायचात. एक एक करून. "हलू नको, घड्याळाच्या बालकमानीपेक्षा अवघड काम आहे हे," म्हणायचात. सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले आपण, पण त्या वेळेसारखे लाड माझे पुन्हा कुणी केले नाहीत.

त्याच दुष्काळाच्या मागोमाग आपल्या दुकानात पाण्यात बुडवायची घड्याळं आली, हे आठवून मला अजून हसू येतं. हैद्राबादचे ते ट्रकवाले चाचा मुंबईहून येताना रुमालात बांधून बंद पडलेली घड्याळं आणायचे. जहाजावरच्या लोकांनी टाकलेली, जाडजूड, भोवती फिरती रिंग असलेली. "घड्याळजी, दर्या के अंदर चलती ये," चाचा म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "चाचा, घड्याळ तो लाये, दर्या भी लाना था ना!" इथं विहिरीत घागर बुडेना, आणि आपल्या काचेच्या पेटीत समुद्राच्या तळाला जाणारी घड्याळं ओळीनं मांडलेली. येणारा-जाणारा हसायचा. तुम्ही मात्र त्यांच्यावर पोरांसारखा जीव लावलात.

चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करायचात. एकाचं धड, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे. मी एकदा म्हटलं, "हे तर खोटं घड्याळ झालं." तुम्ही भिंग न काढताच म्हणालात, "जोडलेलं आहे म्हणून सांगितलं, की ते खोटं राहत नाही. नाही सांगितलं तर खोटं." किती सहज बोललात!

आणि म्हणून तुमची ती पुडी. बदललेला प्रत्येक भाग, जुनी काच, मोडका काटा, गंजलेला स्क्रू, सगळं एका कागदाच्या पुडीत. सोबत चिठ्ठी, काय काय बदललं त्याची. गिऱ्हाईक आलं की आधी पुडी त्याच्या तळहातावर, मग घड्याळ. सोलापुरापासून हैद्राबादपर्यंत असा दुकानदार नसेल. मुलीचं लग्न जमवायला जाऊन आधी तिचे दोष सांगणारा बाप होतात तुम्ही! निम्मी गिऱ्हाइकं पुडी बघूनच परत जायची. मग संध्याकाळी तुम्ही कुरकुरायचात, "आजही एक गेलं नाही." माझा जीव तुटायचा. खरं सांगते, रागही यायचा.

ते निळं घड्याळ दीड वर्ष पेटीत पडून होतं. तुमचं सगळ्यांत लाडकं. अंधारात त्याचे बारा ठिपके हिरवे चमकायचे.

त्या दिवशी तुम्ही सामान आणायला सोलापूरला गेला होतात. हणमंत आला. मूळचा तेरचा, तेरणा नदीच्या डोहात पोहायला शिकलेला, आणि इकडं सासरवाडीला येऊन राहिलेला. गावच्या नव्या सहकारी सोसायटीनं विहिरींवर मोटारी बसवल्या होत्या. गाळानं पाइपाच्या तळाचा फुटवॉल तुंबला की खाली बुडी मारून तो मोकळा करायचं काम त्याला मिळालं होतं. नुसता उड्या मारत होता आनंदानं.

"वहिनी, ते निळं काढा. आज घेऊनच जातो. हे पान्यात चालतंय न्हवं?"

पुडी माझ्या हाताखाली होती. तुमच्या अक्षरातली चिठ्ठी मला पाठ होती. काच बदलली. काटे बदलले. पाणी अडवायचा वायसर सायकलच्या ट्यूबचा कापून घातला आहे. पाण्यात घालू नये.

ही पुडी त्याला दिली तर तो घड्याळ कशाला घेईल? आणि तुम्ही परत आल्यावर रिकामी जागा दाखवून तुम्हाला चकित करायचं होतं मला. मी म्हणाले, "दर्यात चालतं ते, भावजी. तुमच्या विहिरीचं काय घेऊन बसलात!"

पुडी मी सुईदोऱ्याच्या डब्यात बटणांच्या खाली घातली. संध्याकाळी तुम्ही आलात, पेटी बघितलीत, केवढे खूश झालात! मग विचारलंत, "पुडी दिली का?"

मी म्हणाले, "दिली."

एवढंच. एवढंच बोलले मी, आणि दहा वर्षं तेच एक खोटं सांभाळत आलेय.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पंधरवडाही झाला नसेल. हणमंत खाली दम धरून फुटवॉलशी झटत होता आणि वेळ बघत होता तो आपल्या घड्याळावर. पाणी आत शिरून काटा थांबलेला. त्याला वाटलं, वर यायला अजून वेळ आहे. वरच्या लोकांना संशय आला म्हणून त्यांनी दोर ओढला. वर आला तो निळाच पडलेला. दोन दिवस दवाखान्यात होता.

त्याच्या सासरची माणसं दुकानावर चालून आली. "पान्यात बुडणाऱ्या मान्साला फसीवता व्हय?" मेव्हणा ओरडत होता. रस्त्यावर गर्दी जमली. तुम्ही म्हणू शकला असतात, चिठ्ठी दिली होती, त्यात लिहिलं होतं. तुम्ही एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलंत. मी स्टोव्हला पंप मारत होते. मारतच राहिले. मग तुम्ही त्यांच्यापुढं हात जोडलेत आणि म्हणालात, "चूक माझी. वायसर मी नीट बसवला नाही. माझ्या हाताला दोष."

तुमच्या हाताला दोष! ज्या हातांनी माझ्या तळव्यातली खडी काढली, त्या हातांना दोष! आणि मी गप्प बसले. किती दिवस दुकानाकडं कुणी फिरकलं नाही. तुमच्या मनगटावरचं घड्याळ तुम्ही हणमंतला वापरायला दिलंत, त्याचं दुरुस्त होईपर्यंत, आणि घड्याळजी असून रिकाम्या मनगटानं फिरलात. मी रोज ठरवायची, आज सांगेन. आणि रोज भाकरी थापायची.

त्यानंतर तुम्ही पुड्या ठेवायचा डबा कप्प्यातून काढून थेट माझ्या समोर आणून ठेवलात. कुठं बाहेर निघालात की प्रत्येक वेळी म्हणायचात, "पुडी आधी, घड्याळ नंतर." मला वाटायचं, माणूस स्वतःलाच बजावतोय. किती वेडी होते!

तर आज हणमंत आला. विहिरी कोरड्या, मोटारी बंद, त्याच्या हाताला काम नाही. इथल्या एका डॉक्टरांना जुन्या, पाण्यातल्या घड्याळांचा नाद आहे. त्यांना हे हवंय, पण सगळं मूळचं असेल तर चांगली किंमत देतो म्हणाले. उद्या सकाळी ते दुकानात येणार आहेत. हणमंत म्हणाला, "वहिनी, तुमी सांगा त्यास्नी. तुमच्या शब्दाला वजन हाय."

माझ्या शब्दाला! मला राहवलं नाही. स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पुडी कुठं लपवली, तुम्हाला काय खोटं सांगितलं, सगळं. म्हटलं, "भावजी, त्यांचा हात चुकला नव्हता. तुमचा जीव जाणार होता तो माझ्यामुळं."

हणमंतनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "मला ठावं हाय, वहिनी. घड्याळजींना बी ठावं व्हतं."

मी म्हटलं, "काय म्हणता?"

"म्या दवाखान्यात व्हतो तवा आले, उशाशी बसले. म्हनले, हणमंता, तुला पुडी मिळाली व्हती का? म्या म्हनलं, कसली पुडी? माझं पांघरून नीट केलं. मग म्हनले, हे हितंच ऱ्हाऊ दे. दुकान चालत न्हाय म्हून म्याच तिच्यापुढं रडायचो रोज. तिनं माझ्यापायी केलंय. लोक मला बोलले तर दोन दिस बोलतील, तिला जलमभर बोलतील."

अहो! तुम्हाला माहीत होतं? इतकी वर्षं माहीत होतं? मग मला एकदा रागवायचं तरी होतंत! ताट फेकायचं होतंत, चार दिवस अबोला धरायचा होतात. मी तुमच्यापासून लपवत होते आणि तुम्ही, मी लपवतेय हे माहीत असल्याचं माझ्यापासून लपवत होतात. याला काय संसार म्हणायचं? चहात साखर जास्त झाली तर सांगायचात, आणि हे तेवढं गिळून बसलात!

हणमंत गेल्यावर मी सुईदोऱ्याचा डबा उपडा केला. पुडी बटणांच्या खालीच होती. पण मी लपवलेली पुडी चौकटीच्या वहीच्या कागदाची होती. ही कॅलेंडरच्या पानात बांधलेली होती, आणि पान होतं तुमच्या आजारपणाच्या वर्षाचं. वर पांढरा दोरा, त्याला तुमची ती दुहेरी गाठ.

मग आठवलं. शेवटच्या त्या महिन्यात तुम्ही एकदा सुईदोऱ्याचा डबा मागितला होतात. शर्टाचं बटण लावायचंय म्हणालात. मी म्हटलं, द्या इकडं, मी लावते. तर ऐकलं नाहीत, मला पाणी आणायला पाठवलंत. हात थरथरत होते तुमचे. पुडी तुम्हाला केव्हाच सापडली असणार. जुना कागद फाटला असणार, सामान सांडत असणार. ते सगळं नव्या कागदात बांधून तुम्ही पुन्हा माझ्याच लपवलेल्या जागी ठेवून दिलंत. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला जायची आहे, ती हरवू नये म्हणून. आणि मला लाजायला लागू नये म्हणून.

आज खूप रडले. पण रडून झाल्यावर मिरच्या आठवल्या आणि हसूही आलं.

गाठ मी सोडलेली नाही. आत जुनी काच आहे, काटे आहेत, आणि चिठ्ठी. हणमंतला मी म्हटलं होतं, "हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर तुमच्या घड्याळाची किंमत पडेल, भावजी. दुष्काळाचे दिवस आहेत." तर म्हणाला, "पडू द्या. पुडीबिगर घेतलेलं काय महाग पडतं, ते माझ्याइतकं कुनाला ठावं हाय? तुमी आधी पुडी द्या."

तर हा माझा शब्द. उद्या डॉक्टर आले की पुडी आधी त्यांच्या तळहातावर ठेवीन. चिठ्ठी मी स्वतः वाचून दाखवीन, 'पाण्यात घालू नये' पर्यंत. घड्याळ नंतर. आणि त्या मेव्हण्याला गाठून सांगेन, की घड्याळजीच्या हाताला दोष नव्हता. जन्मभर बोलू देत मला. आता जन्म उरलाय तरी कितीसा!

मेल्यावर माणूस कुठं जातो-बितो यावर तुमचा विश्वास नव्हता, माझाही फारसा नाही. तरीपण संध्याकाळी दुकानाची फळी लावताना मागून तुमचा आवाज आल्यासारखा होतो, "पुडी दिली का?"

उद्या विचारा. दिली म्हणेन, आणि या खेपेला दिलेली असेल.

तुमचीच,
कुसुम