ताईच्या वहीतला गाऊन

सोमवार, ४ मार्च

चोरी केली. लिहून टाकते, म्हणजे निदान एका जागी तरी खरं राहील.

आज फॅशनच्या वर्गात करवत मॅडमना इव्हिनिंग गाऊनची कल्पना दाखवायची होती. (हे नाव त्यांना आवाजावरून पडलंय.) सगळ्यांनी कल्पनेसाठी कुठून कुठून काय काय आणलेलं – एकीने कांद्याची साल, एकाने आजोबांच्या छातीचा एक्स-रे, चष्मेवालीने तर गंजका पाइप! माझी पाटी कोरी. तीन आठवडे डोक्यात नुसता भुसा. शेवटी सकाळी कपाटावरची ताईची जुनी वही काढली आणि त्यातलं एक चित्र माझ्या कागदावर उतरवलं. अर्धवट मिटलेली छत्री. आठ तिरक्या कळ्या जोडलेला काळा घेर, आतून काड्या. चाललं की फुलणारा, थांबलं की मिटणारा.

मॅडम बघतच राहिल्या. "हे तुझं?"

"हो."

झालं. अडकले.

बुधवार, ६ मार्च

ताई याच कॉलेजात होती. दुसऱ्या वर्षाला असताना आईचं डावं अंग गेलं. बाबा त्याच्या आधीच गेलेले, मी शाळेत. "तू शीक, मी बघते," म्हणाली आणि घरी बसली. सहा वर्षं झाली. आईला कुशीवर वळवणं, पुसून घेणं, भरवणं, औषधं. कधी कुरकुर नाही. केली असती तर बरं झालं असतं!

मॅडम गेल्या वर्षी आल्या, त्यांना ताई माहीत असायचं कारण नाही. सुटले म्हणू?

सोमवार, ११ मार्च

गाऊन कॉलेजातच ठेवते. घरी आणायची सोय नाही. ताई रोज विचारते, "काय करतेयस गं? दाखव की!" मी म्हणते, "पूर्ण झाल्यावर." शेजारच्या काकू मध्येच, "गाऊन शिवायला कॉलेज कशाला? आम्ही घरी घालतोच की रोज!" ताई पोट धरून हसली. मीही. तोंडाने.

मंगळवार, १२ मार्च

मांजरपाटाचा नमुना शिवून चष्मेवालीच्या अंगावर चढवला. उभी राहिली – सुंदर! चालली – सुंदर! बसली – आणि सगळ्या काड्या वर उसळून घेर तिच्या तोंडावर. वर्ग लोळला. मी मात्र गार. वहीत पुढचं पानच नाही. बसायचं कसं, हे फक्त ताईच्या डोक्यात.

गुरुवार, १४ मार्च

विचारलंच. आडून. ताई आईला पेज भरवत होती. म्हटलं, "समजा, एखादीने घेरात काड्या घातल्या, तर बसायचं कसं गं?"

तिने वर बघितलंही नाही. "काड्या कमरेला शिवून टाकायच्याच नाहीत. वर मोकळ्या खोळी ठेवायच्या. बसलं की काडी खोळीत वर सरकते, उठलं की खाली येते."

उत्तर तयार होतं. सहा वर्षं.

मग चमचा हवेत थांबला. आई तोंड उघडून वाट बघत राहिली. ताईने मला एकदा नीट बघितलं आणि आईच्या तोंडात चमचा घातला. ओरडली असती, दोन द्यायच्या होत्या पाठीत! ही शांतता कुठे घेऊन जाऊ?

शुक्रवार, १५ मार्च

खोळी केल्या. चष्मेवाली बसली. उठली. पुन्हा बसली. एकही काडी उसळली नाही.

सोमवार, १८ मार्च

कॉलेजच्या फॅशन शोची सुरुवात माझ्या गाऊनने. माझ्या! आणि आधी मी दोन मिनिटं बोलायचं – कल्पना कशी सुचली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला वर्गाचं दार कुठे आहे तेच दिसेना.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "पोस्टर बघितलं. काकूंच्या मोबाइलवर. गाऊन छान झालाय." तेवढंच, भांडी घासत. पाठमोरी.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी मॅडमना सांगून टाकलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच करवतीसारखा नव्हता. "शोमधून तुझं नाव काढावं लागेल. सत्र पुन्हा करावं लागेल. कळतंय ना?" कळत होतं. मग म्हणाल्या, "आणि ती कुठे आहे? शो तिच्या नावाने होऊ दे. पाठव तिला."

धावत घरी आले. हलकं वाटत होतं, मूर्खासारखं. ताईला सगळं सांगितलं. वाटलं, मिठी मारेल.

"तुला कोणी सांगितलं होतं माझं नाव घ्यायला?" म्हणाली. "ते सगळं मी मोठ्या मुश्किलीने विसरले होते. आता जाऊ म्हणतेस? आणि आईला कोण बघणार?"

"मी."

हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "दोन दिवस बघशील."

शुक्रवार, २२ मार्च

आईचं अंग पुसताना मी टॉवेल धरायला गेले, तर ताईने हातातून काढून घेतला.

शनिवार, २३ मार्च

शो आज संध्याकाळी. ताईने सकाळी केस धुतले. विचारायची हिंमत झाली नाही. चारला तयार होऊन बाहेर पडली. मी खिडकीतून बघत राहिले – कोपऱ्यापर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आठला चष्मेवालीचा फोन. "अगं, लोक उभे राहिले! तुझी ताई स्टेजवर काय बोलली माहितीये? 'हा गाऊन अर्धा माझ्या बहिणीने शिवलाय,' म्हणाली."

खूप रडले.

रविवार, २४ मार्च

ताई रात्री मी झोपल्यावर आली असावी. उठले तर तिची गादी गुंडाळलेली. कपाटातला तिचा कप्पा रिकामा. आईच्या उशाशी चिठ्ठी – कोणतं औषध किती वाजता, कुशीवर कसं वळवायचं, पेज किती पातळ. शेवटी एकच ओळ: 'कधी येईन ते आत्ता विचारू नकोस.'

आई ताईच्या नावाने हाका मारतेय. मी ओ दिली.