खडकुलीचा माळ

सातारा, ८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. तात्यांस अंकिताचा शि. सा. न.

फोनवर तुम्ही निम्म्यातच ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. तुमच्या माळावरच्या खडकुलीचा फोटो कॉलेजच्या मॅडमना दाखवला. त्या खुर्चीतून उठल्याच! म्हणाल्या, ही झुडपं आता फार थोड्या ठिकाणी उरलीत. योजनेचं पाणी आलंय, तुम्हाला माळ सपाट करून ऊस लावायचाय, हे ठाऊक आहे. पण तात्या, तेवढी खडकुली जपा. हात जोडते. बाबा म्हणतात, तुझा चुलता माझंही ऐकत नाही. बघू कोणाचं ऐकतो!

काकूला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची अंकिता

माळवाडी, २ मार्च

चि. अंकितास अनेक आशीर्वाद.

ऊस रद्द. जेसीबीवाल्या बाळासोला माघारी धाडला. तुजा शब्द आमाला हुकूम हाय. झुडपांना आळी केली, दगडांना चुना मारला, ठिबक सोडलं, वर मूठमूठ युरिया. मिल्ट्रीत सायबाच्या बंगल्याची बाग आमी अशीच ठेवायचो. लय झकास दिसतंय! पानं जरा पिवळी पडल्यात, तर पाणी वाढवतो.

अब्यास कर. आमची आठवण ठेव.

हंबीरराव

सातारा, ६ मार्च

ती. स्व. तात्यांस शि. सा. न.

आधी ठिबक बंद करा, मग पुढचं वाचा!

अहो, ती कोरड्या मुरमातली जात. पाण्यानं मुळं कुजतात. मी ‘जपा’ लिहिलं आणि तुम्ही उसासारखं जपलंत! आळी मोडा, युरियाची माती काढा आणि मग काहीसुद्धा करू नका. रान पडू द्या.

रागावले असले तरी तुमचीच,
अंकिता

माळवाडी, २० सप्टेंबर

चि. अंकितास आशीर्वाद.

सगळं मोडलं. पर पोरी, बांधाला पाणी आन् रान पड, गावात तोंड दाखवायची चोरी झाली. शेजारचा नाथाजी चारचौघांत म्हणाला, सुभेदार पेन्शनीवर सुस्तावला. लय लागलं. रोज खुरपं घिऊन माळावर जायाचो आन् तसाच परत यायाचो. तुजी काकू पदर तोंडाला लावून हसायची. काई झुडपं माज्या हातानं मेली, त्याचं वाईट वाटतंय.

बाकीची सावरली. आन् काल बघतो तर दगडांच्या फटीत नवी रोपं! नाथाजीला हाताला धरून नेला. त्यानं खाली बसून इचारलं, ह्यास्नी काय घातलंस? म्हणलं, काय न्हाई. जलमभर राबून पिकवलं, त्येचा कदी एवढा आनंद झाला न्हाई बग.

लोभ असू दे. आपसूक वाढंल.

तुजा तात्या