पल्लवीचा शालू आणि आमचा विमा

मंगळ., १८ नोव्हें.
निमगाव सावाहून, भावाकडून परतले तर बेडरूममध्ये तळं. वरच्या शबानाभाभींच्या वॉशिंग मशीनचा पाईप निसटलेला, आणि त्या जुन्नरच्या बाजारात. गादी, कपाट, माझ्या शिलाई मशीनची मोटर, सगळं भिजलं. आणि पल्लवीचा शालू! फॉल-पिकोला आलेला. शेजारच्या लाल अस्तराचा रंग उतरला त्याच्यावर, तळहाताएवढा डाग. तिचं लग्न रविवारी.
भाभी धावत आल्या नि रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "भाभी, रडू नका, आधीच पाणी लई झालंय." मग दोघी हसत सुटलो. हसता हसता फरशी पुसली.

बुध.
सोसायटीचा विमा भिंती-पाईपपुरता, आतलं सामान ज्याचं त्याचं, असं चेअरमन म्हणाले. पण फ्लॅट घेताना यांनी घरसामानाचा वेगळा विमा काढलेला. आज दिवसभर यांची कॉलर ताठ. चहासुद्धा दोनदा मागून घेतला.

गुरु.
विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. गादी, कपाट पाहून झालं. मग, "हा शालू?"
यांनी सकाळीच पढवलेलं, "आपलाच म्हण." पण तोंडातून निघालं ते, "गिऱ्हाइकाचा."
"मग घरसामानात न्हाई धरता येणार, ताई. आणि मशीन? धंद्याचं का घरचं?"
झालं! खरं बोलले तर मशीनपण गेलं. म्हटलं, "दोन्ही. नातवंडांचे कपडे शिवते, अन् गिऱ्हाइकांचेबी."
त्यांनी डोकं खाजवलं. "हेडऑफिसला विचारतो."
हे जिन्यापर्यंत त्यांना सोडून आले नि कॉलर सैल करून पंख्याखाली बसले.

शुक्र.
भाभींचा भाऊ कापडाचा रंगारी. त्याने सकाळपासून खपून डाग काढला, तरी गुलाबी सावली राहिलीच. पल्लवी आली. मी सांगायच्या आत भाभी म्हणाल्या, "चूक माझी हाय बेटा, ताईंना काय बोलू नको."
पोरगी त्या जागेवरून बोट फिरवत राहिली.
मी तिला शालू नेसवला. पाच-सहा वेळा निऱ्या मोडल्या, पुन्हा घातल्या. शेवटी डाग आत गेला. आरशासमोर गरकन फिरली. "कुठंय? मलाच दिसंना!" मग हळूच, "आईला मी सांगते. पण लग्न झाल्यावर."

रवि.
लग्न झकास. नेसवायला मीच. भाभी आणि मी पुढच्याच रांगेत, दोघींची नजर निऱ्यांवर. अक्षता टाकायच्या राहिल्या.
जेवताना पल्लवीची आई शेजारी येऊन बसली. "ब्लाऊज लई भारी शिवलात हो!" मी अख्खी जिलेबी तोंडात कोंबली. भाभींनी पाणी दिलं.

मंगळ., २५
गादी-कपाटाचं मंजूर झालं, फोन आला. मशीनचं अजून ठरायचंय. मोटर बंद पडलीय ना, ते बघायला सर्व्हेअर उद्या पुन्हा येणार.
आणि दुपारी, बघू तरी म्हणून बटण दाबलं, तर सुरू! झोकात चालली.
हे घाईघाईने आले. "बंद कर आधी! उद्यापर्यंत हात लावू नको."
भाभी दारात, हातात नव्या ड्रेसचं कापड. "चालू झाली? मग माझा ड्रेस आजच कापा ना, ताई."
हे एकदा माझ्याकडे बघतात, एकदा मशीनकडे. मी कात्री शोधतेय.