टेकडीवरची पांढरी

२६ जाने., सोम.
ग्रामसभा. सुरुवात केली ती अशी: "निमोणेकरांनो, आपल्या टेकडीला कागदोपत्री 'पडीक' लिहून ठेवलंय. आपले पूर्वज काय पडीक होते?" टाळ्या. मग भाची रेणुका हिचं रडारचं चित्र उंच धरलं. ती दौंडला असते. उपग्रहाच्या रडारवरून लाव्हाच्या जुन्या थरांचे आणि वाळवंटांचे नकाशे करते. चित्रात शेतं काळी, गावठाण पांढरं. आणि टेकडीच्या कड्यावर दुसरा पांढरा डाग! काळी शेताची, पांढरी वस्तीची. हे कुणाला शिकवावं लागतं? "ही आपली जुनी पांढरी!" म्हणालो. थोरले चुलते आप्पा रडले. ठरलं: रविवारी अख्खं गाव वर, तिथली माती कपाळी लावायला.

२८ जाने., बुध.
रेणुकाला फोनवर फुशारकीनं सांगितलं.
"मामा, रडारला रंग कळत नाही. खडबडीतपणा कळतो. भिंती पांढऱ्या दिसतात, तसा फुटका दगडही."
शुक्रवारी दौंडला येतो म्हणून फोन ठेवला.

३० जाने., शुक्र.
दौंड. तिनं दिवाळीतलं रडारचं चित्र आणि परवाचं शेजारी-शेजारी ठेवलं. डाग रुंदावलाय. कडा खाली सरकतोय. भिंतीवर तिचा राजस्थानचा नकाशा.
"तिथं वाळूचे डोंगर सरकतात, पण वर माणसं नसतात."
"आणि इथं?"
"इथं रविवारी तुम्ही सगळे."

३१ जाने., शनि.
एकटाच वर गेलो. भाषणाआधी चढायला हवं होतं. भेगेत हात कोपरापर्यंत गेला. आतून गार वारा. दहा पावलांवर पोरं मांडवाचे खांब ठोकत होती. प्रत्येक घावाला पायाखाली काहीतरी...
त्यांना हाकललं. हसली. "भाऊ, तुमीच तर म्हनला!"
आप्पांकडे गेलो. "चुकलं माझं, आप्पा."
"सोमवारी पांढरी व्हती, आन् आज दगूड झाला व्हय?"
"ती दगडच होती."
"तू लई ग्वाड बोलतोस रं. आता आमी इसरायचं कसं?"

१ फेब्रु., रवि., सकाळ.
ताशा सुरू झाला. पायवाटेला पुढे आप्पांचा फेटा. देवळाच्या भोंग्याची किल्ली मिळाली. अलंकार एकही नको. एवढंच वाचायचं, ते थांबेपर्यंत:
निमोणेकरांनो, मी चुकलो. ती पांढरी नाही, फुटलेला कडा आहे. मागं फिरा.