प्रार्थनेच्या वेळचं दूध

लालबाग, मुंबई
७ ऑक्टोबर २०२४

ति. मालनताईस,
जयवंतचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. कानाचं यंत्र कपाटात ठेवून तू जगाशी पत्रानेच बोलायचं ठरवलंस, हे मला पटलं. फोनवर मी एक विचारायचो, तू भलत्याचंच उत्तर द्यायचीस, आणि बोलणं छान झालं असं दोघांनाही वाटायचं. सख्ख्या भावंडांत तेवढं पुरतं, पण या वेळी पुरणार नाही.

माझं ठीक चाललंय. शाळेत सहामाही परीक्षा आहे. संस्कृत घेणाऱ्या मुलांना गुण हवे असतात, भाषा नको असते. भाषेनेही ते मनाला लावून घेणं सोडलेलं दिसतं. ऋता दर रविवारी बंगळुरूहून फोन करते, बाबा जेवलात का विचारते. आणि परळच्या आपल्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात एक व्याख्यान घातलंय. नोव्हेंबरचा पहिला रविवार, विषय ‘पापी जगात शुद्ध जीवन’. मीच का, असं विचारलं, तर म्हणाले की लालबागच्या चाळीत इतकी वर्षं काढून तुम्ही खोटं बोललात असं कोणी सांगत नाही. मी सुखावलो. तिथेच काहीतरी चुकलं असावं.

कारण गेल्या मंगळवारी एक प्रकार घडला. आमचा तिसरा मजला तुला आठवत असेल: माझी खोली कोपऱ्यावर, राधाबाईची काटकोनात, मध्ये जिना. संध्याकाळी सातला मी दार उघडं ठेवून प्रार्थनेला बसतो, आणि त्याच वेळी राधाबाई शेगडीवर दूध ठेवून खाली अंगणातल्या दत्ताला दिवा लावायला जाते. पूर्वी ‘मास्तर, जरा लक्ष असूंदे’ म्हणून जायची, आता सांगतही नाही. तेव्हा तिच्या देवाला दिवा लागेपर्यंत मी माझ्या देवाशी एक डोळा उघडा ठेवून बोलतो. हे पाळकसाहेबांना ठाऊक नाही. चाळीलाही नाही. चाळीची समजूत अशी की मास्तर प्रार्थनेला बसले की समोर इमारत पडली तरी त्यांना कळायचं नाही.

मंगळवारी जिन्यावर राधाबाईचा निलेश आणि पुनर्विकास समितीचा सेक्रेटरी दीपक समोरासमोर आले. पाण्याच्या पंपाची किल्ली दीपककडे असते. तिसऱ्या मजल्याने बिल्डरला संमती दिली नाही म्हणून तो आमच्या वेळेला पंप बंद ठेवतो. निलेशने किल्ली मागितली. दीपकने ती त्याच्या नाकासमोर फिरवली, खिशात टाकली, आणि म्हणाला की तुझ्या आईला गावाकडे डोक्यावरून हंडे आणायची सवय असेलच. निलेशने त्याला ढकललं. दोन्ही हातांनी. दीपक खालच्या वळणापर्यंत गडगडत गेला, खुब्याचं हाड मोडलं, शुद्ध हरपली.

ताई, मी ते पाहिलं. आणि नंतर काय केलं ते ऐक: आधी उठून राधाबाईचा गॅस बंद केला, मग दीपककडे धावलो. सवयीचा माणूस असा असतो.

निलेशची अग्निशमन दलात निवड झालीय, चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिलीय. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तर ती नोकरी गेली. तो सांगतोय की दीपक ओल्या पायरीवरून घसरला. दीपक म्हणतो ढकललं. तिसरं कोणी तिथे नव्हतं, असं सगळ्यांना वाटतं.

तू काय करशील, ते लिही. लोभ आहेच, तुझ्या ऐकण्याइतका तो मंद होऊ देऊ नकोस.

तुझा,
जयवंत


मिरज
१२ ऑक्टोबर २०२४

चि. जयवंत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. विचारण्यासारखं त्यात काय आहे, ते दोन्ही वेळा सापडलं नाही. पाहिलंस ना? मग पाहिलं म्हणून सांग. खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा तुला मी शिकवायची का? तू रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतोस ती.

राधाबाई तुझी लालबागची बहीण, हे मला मान्य आहे. ऋताची आई गेली तेव्हा मी इथे वॉर्डच्या ड्यूटीत अडकले होते, आणि त्या पोरीला न्हाऊमाखू घालून तिने वाढवली. तिचं ऋण माझ्याही डोक्यावर आहे. तू दरवर्षी भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घेतोस, त्यावर मी एकदाच बोलले होते. पुढे ऋताने सांगितलं की ती तुला कुंकू लावत नाही, मास्तरांच्या चर्चला चालायचं नाही म्हणून नुसतं निरांजन ओवाळते. त्या दिवसापासून मी त्या विषयावर तोंड मिटलं. पण ऋण फेडायची ही जागा नव्हे.

आणि प्रार्थनेला दोन्ही डोळे मिटायचे असतात, हे आईने तुला चापट मारून शिकवलं होतं. शिकला असतास तर आज सुटला असतास.

गुडघ्यांना तेल लाव. पत्राची वाट पाहते.

तुझी,
मालनताई


लालबाग
१८ ऑक्टोबर २०२४

ति. मालनताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझा सल्ला सरळ होता. मी त्याच्यासमोर आडवा पडलो.

सोमवारी जयसिंगपूरकडचा एक तरुण फौजदार आला. दाराशी बूट काढले. भिंतीवरचा क्रूस पाहून टोपीही काढली. कागद वगैरे काही उघडला नाही. म्हणाला की सर, तुमचं नाव उगीच घ्यायचं नाही, पण विचारायला हवं. तुम्ही त्या वेळी प्रार्थनेला बसला होता आणि डोळे मिटलेले होते, असं चाळीतून सांगितलंय. मी ‘बसलो होतो’ एवढंच म्हणालो. ते खरंच होतं. पुढचं विचारायला त्याने तोंड उघडलं, मग मान हलवली आणि हात जोडून निघून गेला. त्याच्यावर माझ्या भक्तीचा एवढा प्रभाव पडला की मला खोटं बोलायची गरजच उरली नाही.

मी वर्गात मुलांना सांगत आलो की साक्षी म्हणजे ज्याच्या डोळ्यांदेखत घडलं तो. माझ्या डोळ्यांची जबाबदारी चाळीने घेतली, आणि मी ती घेऊ दिली.

तू म्हणशील, मग गप्प बस आता. तेही जमत नाहीये. बुधवारी दीपकची बायको सीमा आली. तिचे दोन्ही मुलगे माझ्याकडे शिकले. दीपक अजून इस्पितळात आहे. ती उंबऱ्यातच उभी राहिली, पाणीही घेतलं नाही. म्हणाली की दीपक सांगतोय, मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने ‘मी पाहिलं नाही’ म्हटलं तर तो तक्रार मागे घेईल. शुद्ध हरपण्याआधीचं आपल्यालाच नीट आठवत नसेल असं समजेल. सगळी चाळ त्याच्याविरुद्ध एका सुरात बोलतेय, त्यात एक माणूस तरी खरं बोलेल असं त्याला वाटतं, आणि तो माणूस मी. रविवारपर्यंत विचार करा म्हणाली. जाताना मला नमस्कार केला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

म्हणजे बघ. मी तीन शब्द खोटे बोललो की निलेशची नोकरी राहते, राधाबाईचं म्हातारपण राहतं, दीपकच्या मनातला किंतू जातो, चाळीत भांडण मिटतं. खरं बोललो तर फक्त माझं व्याख्यान राहतं.

निलेश सकाळी जिन्यात भेटतो, ‘काका’ म्हणतो, माझी पिशवी वर नेऊन देतो. डोळ्याला डोळा देत नाही. मीही देत नाही. राधाबाई रोज सातला दूध ठेवून दत्ताकडे जाते आणि मी रोज ते बघतो. दार लावावं तर तिला वाटेल मास्तर तुटले. उघडं ठेवावं तर जिना समोर. या खोलीत मी इतकी वर्षं राहिलो, ती एवढी लहान आहे हे कधी जाणवलं नव्हतं.

रागावून का होईना, लवकर लिही. तुझ्या लोभावर भिस्त आहे.

तुझा,
जयवंत


मिरज
२३ ऑक्टोबर २०२४

चि. जयवंत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही. तुला लहानपणापासून ओळखते, म्हणून आश्चर्यही वाटलं नाही.

वॉर्डात आम्ही नव्या मुलींना पहिली गोष्ट शिकवायचो की रोग्याला एका कुशीवर पडू देऊ नका. त्याला त्या कुशीवर बरं वाटतं, हलवलं की तो कण्हतो, शिव्या देतो. पण तसाच ठेवला की पाठ कुजते. तू न बोलून तसा पडून राहिलायस. रविवार होऊन गेला, सीमाला काय सांगितलंस ते तू कळवलं नाहीस. म्हणजे तब्येत बरी नाही असं सांगितलं असशील.

माझं ऐक. बोलायचं तर आहेच, पण पोलीस चौकीत जाण्याआधी राधाबाईकडे जा. तिच्या समोर बस आणि तिला तोंडावर सांग की मी पाहिलं आणि मी सांगणार आहे. तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये. आणि तिथे गेल्यावर शास्त्र काढू नकोस, संस्कृत तर मुळीच नाही.

दीपकने किल्ली फिरवली आणि जे बोलला, तेही सांग. अर्धंच पाहिलेलं सांगणारे पुष्कळ आहेत.

आणि ते व्याख्यान दुसऱ्या कुणाला तरी दे.

मी यायला निघाले असते, पण डॉक्टर प्रवास नको म्हणतात. मनाने मी तिथेच आहे, असं समज आणि खुर्ची मोकळी ठेव.

तुझी,
मालनताई


लालबाग
५ नोव्हेंबर २०२४

ति. मालनताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तब्येत बरी नाही, असंच सांगितलं होतं सीमाला. तू परिचारिका झालीस ते बरं. पोलिसात गेली असतीस तर लोकांचे फार हाल झाले असते.

तुझं पत्र आलं त्या दुपारी राधाबाईकडे गेलो. ती वाल सोलत होती. शास्त्र काढलं नाही, संस्कृतही नाही. सांगितलं की मी पाहिलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली की ता माका त्याच दिवशी कळलां. दिवा लावून, आरडाओरडा ऐकून ती धावत वर आली तेव्हा दूध उतू गेलेलं नव्हतं आणि गॅस बंद होता. डोळे मिटलेल्या माणसाने तो कसा बंद केला असेल, एवढा हिशेब तिला करता येतो, असं म्हणाली.

मी विचारलं की मग पोलिसांना माझ्या मिटलेल्या डोळ्यांचं कोणी सांगितलं. तिनेच, ताई. चाळीने मागाहून तिची री ओढली. ती म्हणाली की निलेशसाठी खोटं बोलायचंच होतं. पण मास्तरांना विचारलं तर ते एकतर पोराला अडकवतील, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतील, आणि दुसरं तिला बघवलं नसतं. म्हणून मास्तरांच्या वाटचंही तीच बोलून आली. माझं काय, म्हणाली, माझा दत्त मला ओळखतो, त्याच्यापुढे नाक घासलं की झालं. तुमच्या देवाकडे कशी काय सोय असते ते मला ठाऊक नाही.

मी स्वच्छ राहावा म्हणून तिने स्वतःचे हात मळवले होते. इतकी वर्षं मी जे शुद्ध जीवन जगलो, त्यातलं किती असं दुसऱ्या कुणी बाहेरच्या बाहेर निस्तरलं असेल, कोण जाणे.

तिने एकच मागितलं: गप्प राहा. खोटं बोलू नका, नुसते गप्प राहा. मला हो म्हणता आलं नाही. मग तिने वालाचं भांडं आत नेलं आणि परत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन सगळं सांगितलं. ढकललेलं, किल्ली, हंड्यांचं बोलणं, आणि माझा उघडा डोळा. फौजदार लिहिता लिहिता थांबला. बहुतेक मारहाणीपेक्षा त्याला त्या डोळ्याचा जास्त धक्का बसला. राधाबाईचं नाव मी घेतलं नाही, त्यानेही विचारलं नाही. निलेशवर गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला, नेमणूक मात्र थांबली. पुढे काय होईल ते वकील सांगू शकत नाही. निलेश आता जिन्यात डोळ्याला डोळा देतो. पिशवी माझी मीच वर नेतो.

पंपाची किल्ली पोलिसांनी रखवालदाराकडे ठेवायला लावली. तिसऱ्या मजल्याला आता भरपूर पाणी येतं. ते भरताना माझ्याशी कोणी बोलत नाही. दीपक घरी आलाय. त्याने निरोप पाठवला की मास्तर, किल्लीचं सांगायची काय गरज होती.

व्याख्यान दुसऱ्या कुणाला तरी द्या असं सांगायला गेलो तर पाळकसाहेब ऐकेनात. म्हणाले की आता तर तुम्हीच बोलायला हवं. मी उभा राहिलो, विषयावर बोलायला आपण पात्र नाही असं सांगितलं आणि बसलो. लोकांना तो विनय वाटला. सगळ्या मंडळीने उभं राहून माझ्यासाठी प्रार्थना केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी पाहून घेतलं.

तो भाऊबीजेचा दिवस. घरी आलो, धुतलेला सदरा घातला, दार उघडं ठेवून बसलो. तुझ्यासाठीची खुर्चीही मोकळीच होती. अंधार पडेपर्यंत बसलो. राधाबाईच्या घरात निरांजनाचं ताट वाजलं नाही. तिचा सख्खा भाऊ कुडाळला असतो, तो येत नाही. म्हणजे यंदा तिनेही कुणाला ओवाळलं नाही.

सातला ती अजून दत्ताकडे जाते. पण दूध आधीच तापवून, झाकून, दाराला कडी घालून जाते. मी उशिरा का होईना, आईच्या शिकवणीवर आलोय. आता दोन्ही डोळे मिटून प्रार्थना करतो. मध्ये कुठे उठावं लागत नाही.

तब्येतीला जप. माझ्या दोन बहिणींपैकी निदान एकीचा लोभ असू दे.

तुझा,
जयवंत