मधुग्रामचा ॲडमिन

१२ जानेवारी, सोमवार

बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढत जा. मला राग येत नाही, असं त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना टेबलावर हात जरा जोरात पडला आणि त्यांचा पेनस्टँड खाली गेला. पेनं मीच उचलून दिली. रागीट माणूस उचलून देतो का?

तरी लिहितो. डॉक्टरांचा मान ठेवायचा.

रात्री साडेआठला 'लिंबगावची सून'. देशमाने घराण्यातला थोरला संग्राम, जरा तापट पण सोन्यासारखा माणूस. त्याची बायको मधुरा. आणि दोघांच्या मध्ये तो गुरांचा डॉक्टर निनाद. मधुराचा कॉलेजमधला मित्र म्हणे. गाय तपासायला येतो आणि चार-चार कप चहा पितो. आज संग्रामने भरलेलं ताट त्याच्या तोंडावर भिरकावलं. कपाळ फुटलं, आमटी आणि रक्त एकत्र. मी उभाच राहिलो. रिमोट हातातून सुटला. भिंतीच्या दिशेने सुटला, त्याला मी काय करणार.

विजयमालाने, म्हणजे बायकोने, तुकडे गोळा केले. सृष्टी म्हणाली, पप्पा, हा महिन्यातला दुसरा रिमोट. हल्ली प्लास्टिक हलकं येतं.

निश्चय: मालिका बसूनच बघायची.

१४ जानेवारी

विजयमाला म्हणाली, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जाऊ या. साडेआठच्या आत परत यायचं असेल तर जाऊ म्हणालो. मग तीच नको म्हणाली. समजूतदार आहे.

आमच्या ग्रुपबद्दल लिहिलं पाहिजे. 'मधुग्राम परिवार, सोलापूर'. मधुरा अधिक संग्राम म्हणजे मधुग्राम. नाव मी काढलं. ॲडमिन मी. दिवसभर मोटारींचं वाइंडिंग करायचं आणि तांबं गुंडाळता गुंडाळता ग्रुप सांभाळायचा, सोपं नाही. अक्कलकोटच्या मावश्या आहेत, कुर्डुवाडीचे रेल्वेवाले आहेत. मंगळवेढ्याकडच्या केराबाई आहेत. त्या मेंढरं राखता राखता व्हॉइस मेसेज टाकतात, त्यामुळे त्यांचं मत कमी आणि मेंढरांचं जास्त ऐकू येतं.

आज घात झाला. वीरभद्रप्पाने ग्रुपवर मतदान टाकलं: मधुराने कुणाबरोबर राहावं, संग्राम की निनाद? वीरभद्रप्पा म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, शेजारचं हार्डवेअरचं दुकान त्याचंच. निनादला जास्त मतं. मधुग्राम नावाच्या ग्रुपमध्ये मधुनाद जिंकतोय. मतदान डिलीट केलं. अप्पाला काढून टाकलं. त्याने फोन करून विचारलं, अरे कुंडलिक, ताटं फेकणाऱ्या माणसाला तू नवरा म्हणतोस काय रे?

उद्या टपरीवर भेटून शांतपणे समजावायचं. तीन वाक्यांत.

१५ जानेवारी

तीन वाक्यं बोललो. एक, संग्रामचा राग हे प्रेमच आहे. दोन, ज्याला राग येत नाही त्याचं प्रेमही नसतं. तीन, निनाद नालायक आहे. अप्पा हसला. म्हणाला, मग तुझं माझ्यावर लई प्रेम दिसतंय की.

हेल्मेट हातात होतं. सुरक्षेसाठी मी ते नेहमी बाळगतो. अप्पाचा ओठ फाटला आणि पुढचा दात त्याच्याच चहात पडला. तो खाली बसला, तोंडावर रुमाल धरून नुसता माझ्याकडे बघत राहिला. टपरीवाल्याने लगेच दुसरा चहा भरला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणजे बाजू कुणाची खरी हे लोकांना कळतं.

संध्याकाळी अप्पाची बायको चन्नम्मा घरी आली. मला वाटलं भांडायला आली. सरळ स्वयंपाकघरात जाऊन विजयमालाशी हळू आवाजात बोलत बसली. पापडाबिपडाचं असेल.

सृष्टी म्हणाली, पप्पा, संग्राम रेड फ्लॅग आहे. मी म्हणालो, लाल बावटा सोलापुरात गिरणीच्या काळापासून आहे, त्यात वाईट काय. ती उठून गेली. बी.फार्मसीला घालूनही इतिहास कच्चा.

निश्चय: हेल्मेट यापुढे डोक्यावरच.

२५ जानेवारी, रविवार

परिवाराचा स्नेहमेळावा. कल्पना माझी. समोरासमोर भेटलं की गैरसमज मिटतात. केराबाईंचा पुतण्या भिमा, त्याच्या मंगळवेढ्याच्या रानात हुरडा. भिमाने खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी केली होती. कोवळी कणसं भाजून, हातावर चोळून वाढत होता. गूळ, शेंगाचटणी, दही. मी स्वागतपर चार शब्द बोललो. म्हणालो, आपण एक कुटुंब आहोत.

तेवढ्यात कुर्डुवाडीच्या कुमारने जाकीट काढलं. आत टी-शर्ट, त्यावर 'मधुनाद'. निनादचा फोटोसुद्धा. म्हणजे हेर. मी नम्रपणे टी-शर्ट काढायला सांगितलं. तो म्हणाला, काढून दाखवा. मी काढायला गेलो. बाही फाटून हातात आली. त्याने पेटतं कणीस माझ्या मानेवर ठेवलं. मी हाताला आलेली गोवरी उचलली, ती खालून पेटलेली होती हे मला उशिरा कळलं. कुमारच्या मिशीचा डावा भाग गेला. अक्कलकोटच्या एका मावशीने कुणाच्या तरी डोळ्यांत चटणी टाकली, बहुतेक आमच्याच माणसाच्या. मग कोण कुणाला मारतंय हे राहिलं नाही. एकाचं मनगट मोडलं, त्याचा आवाज मी ऐकला. गुळाची अख्खी ढेप डोक्यावरून गेली.

केराबाई मेंढरांची काठी घेऊन आल्या. म्हणाल्या, "टीव्हीतल्या मानसांपायी हितं जित्ती मानसं भाजताय व्हय? उठा. रान सोडा माझं." पहिली काठी माझ्या पाठीत घातली. ॲडमिन म्हणून मान पहिला.

परत येताना भाड्याच्या गाडीत विजयमाला मागे सृष्टीजवळ बसली. मी म्हणालो, पुढे ये की. ती म्हणाली, बरी हाय मी हितं. घरी आल्यावर मानेला कोरफड लावून दिली मात्र. लावून झाल्याबरोबर हात पदरात ओढून घेतला. थंडी फार आहे यंदा.

२६ जानेवारी

केराबाईंनी ग्रुप सोडला. अक्कलकोटच्या मावश्यांनीही. कुमार पोलिसांत जाणार म्हणतो. जाऊ दे. मिशी उगवते.

मला राग आलेला नाही. सकाळपासून मोटारीच्या आर्मेचरची तार तीनदा तोडली, पण ती तारेची चूक.

५ फेब्रुवारी

आजचा भाग फार मोठा होता. संग्रामने मधुराला थप्पड मारली. सगळ्या घरासमोर, अंगणात. ती तुळशीकट्ट्यावर जाऊन आदळली. दिग्दर्शकाने तीन वेळा दाखवलं, तीन बाजूंनी.

बायका ग्रुप सोडून जायला लागल्या, एकामागून एक. मी सविस्तर लिहिलं, की थप्पड हा शब्द चुकीचा आहे, त्यामागची तळमळ बघा. आणखी तिघी गेल्या.

तेव्हा विजयमाला म्हणाली, "चुकलं."

मी विचारलं, काय चुकलं?

"संग्रामचं. चुकलं त्याचं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने मालिकेवर मत दिलं. मला आनंदच झाला. चर्चा व्हायला पाहिजे घरात. मी माझा मुद्दा मांडला. ती म्हणाली, मुद्दा कळला, तरी चुकलंच. मी पुन्हा मांडला. ती म्हणाली, तुमी ओरडताय. मी ओरडत नव्हतो.

मग हात गेला. तिच्या कानशिलावर गेला. कानातलं तुटून दिवाणाखाली गेलं. ती कपाटाला धरून उभी राहिली, पडली नाही, हेही लिहिलं पाहिजे. सृष्टी मध्ये आली. तिलाही ढकललं गेलं. सृष्टी म्हणाली, पप्पा, अजून एकदा हात लावा, मग बघा. बापाशी असं बोलतात का?

माझीच बोटं दुखतायत.

निश्चय: सकाळी विषय काढायचा नाही. मी काढला नाही की राहणारच नाही.

६ फेब्रुवारी

विषय निघाला नाही, कारण कुणी घरात नव्हतं. दोघी कुर्डुवाडीला गेल्या, शिवराजकडे. शिवराज माझा मेहुणा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. तिला जानेवारीपासून माहेरी जायचंच होतं. चांगलंय. हवापालट होईल.

दुकानावर चन्नम्मा आली. फूटपाथवर उभी राहूनच बोलली. म्हणाली, "विजूच्या कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टरनं लिहून दिलंय. डाव्या कानानं ऐकू येईना तिला." अप्पा त्याच्या दुकानातून बघत होता. दात अजून बसवला नाही त्याने, बरं दिसत नाही.

ओठांवर आलं होतं की पडदे हल्ली नाजूक झालेत. बोललो नाही. संयम.

दुपारी पावभाजी. संध्याकाळी पावभाजी.

८ फेब्रुवारी

ग्रुपवर प्रश्न टाकला. नाव न घेता. 'एका मित्राची पत्नी किरकोळ कारणावरून माहेरी गेली आहे. मित्र स्वभावाने शांत आहे. काय करावं?' उरलेल्या पुरुषांनी एकमताने सांगितलं, संग्रामसारखं करा. मागे एकदा मधुरा रुसून गेली होती, तेव्हा तो तिच्या दारासमोर पावसात रात्रभर उभा राहिला होता. हात जोडून. सकाळी तीच टॉवेल घेऊन बाहेर आली.

ठरलं. जायचं. हात जोडून उभं राहायचं. हात जोडलेले असले की दुसरं काही करता येत नाही, हाही फायदा.

१० फेब्रुवारी

कुर्डुवाडी. पावसाचा प्रश्नच नव्हता, ऊन होतं. शिवराजच्या घरासमोर गटाराच्या कडेला हात जोडून उभा राहिलो. शेजारणी बघून आत गेल्या. एकीने विचारलं, मीटर बघायला आलाय का?

बराच वेळ कुणी आलं नाही. घाम डोळ्यांत जात होता आणि हात जोडलेले, पुसणार कसा? संग्रामला निदान पाऊस होता. मग शिवराज बाहेर आला आणि ग्रिलच्या गेटला कुलूप लावलं. माझ्या तोंडावर. कुलूप लावायची काय गरज होती? मी गेट जरा हलवलं. एक लाथ बसली गेटला. दुसऱ्या लाथेला बिजागरी निघाली आणि गेट शिवराजच्या नडगीवर पडलं.

शिवराज वर्कशॉपमधला माणूस. त्याने माझा उजवा हात धरला आणि नट फिरवावा तसा फिरवला. बोट मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. तोंडावर दोन बसल्या. मी गटारात होतो तेव्हा विजयमाला बाहेर आली. कानात कापूस. म्हणाली, "दादा, मारू नगंस. मारलं की त्यांना वाटतं बोलणं झालं."

शिवराज बाजूला झाला. ती ओट्यावरच उभी राहिली. टॉवेल नव्हता.

मी म्हणालो, घरी चल. मालिका फार चांगल्या वळणावर आलीये, तू नसलीस की बघायला मजा येत नाही.

तिने उजवा कान माझ्याकडे केला. पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

ती म्हणाली, "मी दिवाळीपास्नं मालिका बघितलीच न्हाय. मी तुमच्याकडं बघत बसायची. काय उचलताय, कुनीकडं फेकताय. सृष्टीला त्या बाजूला बसू देत नव्हते मी."

मी म्हणालो, काहीतरीच.

ती म्हणाली, "परत येऊ नका हितं. वकिलाचं पत्र येईल." आणि आत गेली. आवाज चढवला नाही. मी केवढा आवाज चढवला असता.

परतीची एसटी उभ्याने.

१३ फेब्रुवारी

उजव्या हाताला प्लास्टर. दहा तारखेपासून डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाचता येणार नाही, पण वाचायचंय कुणाला.

आज मधुरा संग्रामकडे परत गेली. तो हात जोडून उभा होता, तिने धावत येऊन ते हात हातात घेतले. निनादची जिल्ह्याबाहेर बदली. ग्रुपवर सगळे जण फुलं टाकतायत. ॲडमिन साहेब, आपण जिंकलो. ॲडमिन साहेब, दोन शब्द बोला. व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं. पंख्याचा आवाज गेला नुसता. त्यालाही लोकांनी टाळ्या पाठवल्या.

विजयमाला खोटं बोलली असणार. रोज साडेआठला शेजारी बसणारी बाई मालिका बघत नाही, असं कसं होईल? खात्री करायची म्हणून भाग संपल्यावर माझी खुर्ची सोडून दिवाणाच्या टोकाला, तिच्या जागेवर जाऊन बसलो.

तिथून टीव्ही दिसत नाही. कपाट मध्ये येतं. एक कोपरा दिसतो, कार्यक्रमाचं नाव येतं तेवढाच.

माझी खुर्ची सगळी दिसते.